ध्वनिसंचाच्या केबलसाठी तारेची निवड

घरगुती ध्वनिसंचातील (हाय-फाय) उपकरणे जोडण्यासाठी केबल स्वतः बनवायची असल्यास योग्य तार निवडणे ही पहिली पायरी होय. अशा संचात मुख्यतः दोन प्रकारच्या केबल लागतात : अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी स्पीकर केबल, आणि सीडी प्लेयर किंवा रेकॉर्ड प्लेयरमधील क्षीण संदेश अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत नेणारी संदेश केबल. पहिलीतून मोठा विद्युतप्रवाह जात असल्याने तिचा रोध कमी असावा लागतो. दुसरीतील प्रवाह नगण्य असतो, परंतु बाह्य विद्युत गोंगाटापासून तिचे संरक्षण करावे लागते. म्हणून एकीची तार दुसरीसाठी सहसा उपयोगी पडत नाही.

स्पीकर केबल

स्पीकरचा संरोध बहुधा 4 ते 8 ओहम असतो व तो स्वराच्या वारंवारतेनुसार बदलतो. केबलचा रोध जास्त असल्यास काही स्वर इतरांपेक्षा अधिक क्षीण होतात. केबलचा जाण्यायेण्याचा एकूण रोध स्पीकरच्या संरोधाच्या 5 टक्क्यांहून कमी असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरसाठी ही मर्यादा 0.4 ओहम, तर 4 ओहमसाठी 0.2 ओहम होते.

1 चौरस मिमी छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे 0.017 ओहम असतो. स्पीकर 5 मीटर अंतरावर असल्यास तारेची एकूण लांबी 10 मीटर धरावी लागते. तेव्हा एकूण रोध असा येतो :

0.75 चौ. मिमी : सुमारे 0.23 ओहम
1 चौ. मिमी : सुमारे 0.17 ओहम
1.5 चौ. मिमी : सुमारे 0.11 ओहम
2.5 चौ. मिमी : सुमारे 0.07 ओहम

यावरून सामान्य दिवाणखान्यासाठी विजेच्या दुकानात मिळणारी 1.5 किंवा 2.5 चौ. मिमीची लवचिक, बहुपदरी तार पुरेशी ठरते. तारेवर ‘24/0.20’ असे लिहिले असल्यास तिच्यात 0.20 मिमी व्यासाचे 24 पदर आहेत, म्हणजेच तिचा छेद सुमारे 0.75 चौ. मिमी आहे, असे समजावे.

धातूची निवड

चांदीची रोधकता तांब्यापेक्षा सुमारे 5 टक्क्यांनी कमी असते. तेवढाच लाभ तांब्याच्या तारेचा व्यास सुमारे 3 टक्क्यांनी वाढवूनही मिळतो. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांबे आणि विजेच्या तारांचे नेहमीचे तांबे यांच्या वाहकतेतील फरक सुमारे 1 टक्काच असतो. त्यामुळे किमतीपेक्षा छेद व लांबी यांना अधिक महत्त्व आहे.

तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची तार मात्र ओळखता आली पाहिजे. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. ती वजनाला हलकी असते आणि पदर चाकूने खरवडल्यास आत पांढरा धातू दिसतो. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार याउलट बाहेरून पांढरी व आतून लालसर असते.

संदेश केबल

या केबलसाठी समाक्ष तार वापरतात. तिच्यात मधल्या वाहकाभोवती निरोधक थर व त्यावर तांब्याच्या जाळीचे वेष्टन असते. हे वेष्टन बाहेरील गोंगाट अडवते. केबलच्या धारितेमुळे उच्च वारंवारतेचे स्वर मंदावू शकतात. म्हणून केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजच्या रेकॉर्ड प्लेयरला हे विशेष लागू पडते, कारण अशा कार्ट्रिजचा ध्वनी केबलच्या धारितेने बदलतो. डिश अँटेनाच्या समाक्ष केबलमधील मधली तार अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची व ताठ असते. वारंवार हलवाव्या लागणाऱ्या जोडणीसाठी ती सोयीची नसते.

जोडणी व सुरक्षितता

चांगली तारही सैल किंवा गंजलेल्या सांध्यामुळे निरुपयोगी ठरते. स्पीकर केबलचा एखादा सुटा पदर शेजारच्या टोकाला लागल्यास लघुपरिपथ होऊन अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. यासाठी पदर पिळून घट्ट करावेत व जोडणी करताना संच बंद ठेवावा. दोन्ही टोकांना धन व ऋण खुणा सारख्याच ठेवाव्यात; दोहोंपैकी एकाच स्पीकरची जोडणी उलटी झाल्यास खर्जाचे स्वर क्षीण होतात. स्पीकर केबलला घरातील 230 व्होल्टच्या विजेचा प्लग कधीही लावू नये. चुकून तो भिंतीतील सॉकेटमध्ये खोचला गेल्यास प्राणघातक अपघात होऊ शकतो.