गोलकीपरची ‘भारी सेव्ह’ नेमकी ओळखायची कशी?

20 मार्च 2022. गोव्यातल्या मडगावचं फातोर्डा स्टेडियम. इंडियन सुपर लीगची फायनल, हैदराबाद एफसी विरुद्ध केरला ब्लास्टर्स. जादा वेळ संपला तरी स्कोअर 1-1 असाच राहिला आणि मॅच पेनल्टी शूटआउटमध्ये गेली.

हैदराबादच्या गोलमध्ये उभा होता लक्ष्मीकांत कट्टीमणी. हा खेळाडू मूळचा गोव्याचाच. त्याने केरळच्या मार्को लेस्कोविचची पेनल्टी अडवली. मग निशू कुमारची अडवली. पण रेफ्रींनी ती मोजली नाही, कारण बॉलला किक बसायच्या आधीच कट्टीमणी गोललाइन सोडून पुढे आला होता. पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली. निशू पुन्हा आला आणि कट्टीमणीने ती पुन्हा अडवली. नंतर जीक्सन सिंगचीही अडवली. हैदराबादने शूटआउट 3-1 असं जिंकलं आणि पहिल्यांदाच आयएसएलची ट्रॉफी उचलली.

म्हणजे त्या रात्री कट्टीमणीने चार वेळा बॉल अडवला, पण हिशोबात तीनच धरले गेले. आता यातली सगळ्यात भारी सेव्ह कोणती?

बहुतेक जण ज्या सेव्हमध्ये सूर सगळ्यात लांब असेल तिच्याकडे बोट दाखवतील. रील्सवर आपण तेच बघतो: हवेत आडवा झालेला कीपर, स्लो मोशन, मागे दणदणीत म्युझिक. पण कीपरचं खरं काम बरेचदा त्या सुराच्या आधीच झालेलं असतं. म्हणून भारी सेव्ह कशी ओळखायची, हे एकेक मुद्दा घेऊन समजून घेऊ.

आधी एक गोष्ट: सेव्ह म्हणजे काय?

जो शॉट कीपर नसता तर गोलमध्ये गेला असता, तो कीपरने अडवला की ती सेव्ह. बाहेर जाणाऱ्या बॉलला उगाच हात लावला तर ती सेव्ह होत नाही. बाजूने आलेला क्रॉस हवेतच पकडला तर तीही सेव्ह म्हणून मोजत नाहीत, कारण शॉट झालेलाच नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

कीपरकडे वेळ किती असतो?

फुटबॉलचा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. पेनल्टी 11 मीटरवरून मारतात. क्रिकेटची खेळपट्टी 20.12 मीटरची, म्हणजे पेनल्टीचं अंतर तिच्या निम्म्याहून थोडंच जास्त.

पेनल्टीचा वेग ताशी 100 किलोमीटर धरला, तर बॉल गोललाइनवर पोचायला साधारण 0.4 सेकंद लागतात. डोळ्यांना दिसलं, मेंदूला कळलं आणि शरीर हललं, यातच साधारण 0.2 सेकंद जातात. उरलेल्या वेळात कीपरला तीन-साडेतीन मीटर बाजूला पोचायचं असतं. चांगल्या वेगाने कोपऱ्यात मारलेली पेनल्टी ‘बघून’ अडवणं म्हणूनच जवळपास अशक्य असतं. कीपरला आधीच अंदाज घ्यावा लागतो: धावत येणाऱ्याचा टेकलेला पाय कुठे वळलाय, कंबर कुठे फिरतेय.

20 मीटरवरून तोच शॉट आला, तर साधारण 0.7 सेकंद मिळतात. म्हणून पहिला निकष असा: शॉट किती अंतरावरून आला आणि बॉल कीपरला नीट दिसत होता का? 25 मीटरवरून, समोर कोणी नसताना आलेल्या बॉलवर मारलेला सूर सुंदर दिसतो. पण सहा मीटरवरून, गर्दीतून, कोणाच्या तरी पायाला लागून आलेला बॉल नुसत्या मनगटाने अडवणं त्याहून अवघड असतं.

उभं राहायचं कुठे? इथे अर्धी सेव्ह होते

समजा, एक खेळाडू गोलच्या अगदी समोर 11 मीटरवर बॉल घेऊन उभा आहे. कीपर गोललाइनवरच थांबला, तर त्याला पूर्ण 7.32 मीटर रुंदी सांभाळायची आहे. तो 3 मीटर पुढे आला, तर त्या जागी तीच रुंदी 5.3 मीटर होते. अर्ध्या अंतरावर आला, तर 3.66 मीटर. शाळेतल्या भूमितीतले समरूप त्रिकोण आठवा, गणित तेवढंच आहे. याला ‘अँगल कमी करणं’ म्हणतात.

मग कीपर कायम पुढेच का येत नाही? कारण पुढे आला की डोक्यावरून बॉल टाकायला जागा मिळते, शिवाय शॉट पोचायला वेळ आणखी कमी लागतो. किती पुढे यायचं आणि कधी थांबायचं, हा निर्णय दर सेकंदाला बदलतो. शॉट बसतो त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि वजन किंचित पुढे हवं. धावता धावता शॉट आला, तर उत्तम कीपरही बाजूला झेपावू शकत नाही.

गंमत अशी की, जो कीपर योग्य जागी उभा राहतो त्याच्या अंगावर बॉल येतो आणि लोक म्हणतात, ‘शॉटच सरळ मारला.’ जो दोन पावलं चुकीच्या जागी असतो त्याला सूर मारावा लागतो आणि त्याची रील व्हायरल होते.

हात लागला, पण बॉल गेला कुठे?

7 जून 1970. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारामध्ये वर्ल्ड कपची ब्राझील-इंग्लंड मॅच. जर्झिन्होने उजवीकडून क्रॉस टाकला आणि पेलेने उंच उडी घेऊन हेडर खाली, जमिनीकडे मारला. इंग्लंडचा कीपर गॉर्डन बँक्स दुसऱ्या पोस्टकडे होता. तो उलटा धावला, उजवीकडे झेपावला आणि टप्पा पडून वर येणारा बॉल हाताने उचलून बारवरून बाहेर काढला.

अनेक जण हीच आजवरची सर्वोत्तम सेव्ह मानतात. का? हेडर जवळून होता, कीपर उलट्या बाजूला होता आणि बॉल टप्पा पडून दिशा बदलत होता. त्यात भर म्हणजे बँक्सने बॉल नुसता अडवला नाही, तर वर ढकलला. तो समोर पडला असता, तर पुढच्याच क्षणी कोणीतरी गोल केला असता.

दुसरा निकष हा: सेव्हनंतर बॉल कुठे जातो? पकडता आला तर उत्तम. नाहीच जमलं तर बाजूला किंवा बारवरून बाहेर. बॉल समोरच्या स्ट्रायकरच्या पायात गेला, तर सेव्ह अर्धीच.

ती मॅच इंग्लंड 1-0 अशी हरलं. तरीही ती सेव्ह लोकांच्या लक्षात आहे.

क्षण कोणता होता?

18 डिसेंबर 2022, कतारमधलं लुसैल स्टेडियम. वर्ल्ड कप फायनल, अर्जेंटिना आणि फ्रान्स 3-3. जादा वेळेसह 120 मिनिटं उलटून गेलेली. फ्रान्सच्या कोलो मुआनीला लांबून पास आला आणि तो गोलसमोर एकटाच होता. अर्जेंटिनाचा एमिलियानो मार्टिनेझ पुढे आला, हात-पाय पसरले आणि शॉट त्याच्या डाव्या पायाने अडला. मग शूटआउटमध्ये अर्जेंटिना 4-2 असा जिंकला.

इथे सूर नव्हताच. पण तो बॉल आत गेला असता, तर मेस्सीच्या हातात बहुधा वर्ल्ड कप दिसला नसता. तिसरा निकष: सेव्ह नसती, तर मॅचचं काय झालं असतं? 4-0 ने पुढे असताना केलेली सेव्ह आणि शेवटच्या मिनिटाला बरोबरीत असताना केलेली सेव्ह यांचं वजन वेगळं असतं.

आकडे काय सांगतात?

आता शॉटची अवघडता आकड्यातही मोजतात. शॉट कुठून आला, किती वेगाने आला, गोलच्या कोणत्या भागात जात होता, यावरून तो गोल होण्याची शक्यता काढतात. उदाहरणार्थ, पेनल्टी गोल होण्याची शक्यता साधारण 75 ते 80 टक्के धरली जाते. समजा, एका कीपरवर असे शॉट आले की त्यातून सर्वसाधारणपणे 4 गोल झाले असते. त्याने 2 च होऊ दिले, तर त्याने टीमचे 2 गोल वाचवले. त्यामुळे नुसतं ‘10 सेव्ह केल्या’ हे पुरेसं नसतं. दहाही शॉट सोपे असू शकतात.

पण कधीकधी साधा आकडाही खूप काही सांगून जातो. 10 सप्टेंबर 2019 ला दोहामध्ये भारत विरुद्ध कतार ही वर्ल्ड कप पात्रतेची मॅच होती. कतार तेव्हा आशियाचा चॅम्पियन होता. सुनील छेत्री आजारी असल्यामुळे भारताचा कॅप्टन होता कीपर गुरप्रीत सिंग संधू. कतारने 27 शॉट मारले, गुरप्रीतने 11 सेव्ह केल्या आणि मॅच 0-0 अशी सुटली. त्या मॅचमधली एकच सेव्ह निवडायला सांगितली तर गोंधळ होईल. तिथे भारी होतं ते 90 मिनिटं एकदाही न ढळणं.

दिसायला भारी म्हणजे भारीच असतं असं नाही

6 सप्टेंबर 1995 ला लंडनच्या वेम्ब्लीवर कोलंबियाच्या रेने हिगिटाने पुढे उडी मारली, पाय पाठीमागून वर आणले आणि टाचांनी बॉल परतवला. ‘स्कॉर्पियन किक’ म्हणून ती क्लिप आजही फिरते. पण ती मैत्रीपूर्ण मॅच होती, बॉल हळू येत होता आणि लाइन्समनने ऑफसाइडचा झेंडाही वर केला होता. हातात सहज आला असता असा बॉल. करामत म्हणून 10 पैकी 10, सेव्ह म्हणून मात्र फारसं काही नाही.

‘काहीतरी केलेलं दिसलं पाहिजे’ हा दबाव कीपरवर किती असतो, याचा अभ्यासही झालाय. इस्रायलच्या संशोधकांनी 286 पेनल्टी तपासून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. कीपर मध्येच थांबले होते फक्त 6 टक्के वेळा. पण तसं थांबल्यावर पेनल्टी अडवण्याचं प्रमाण सुमारे 33 टक्के होतं. डावीकडे-उजवीकडे झेपावल्यावर ते 13-14 टक्केच. तरी कीपर झेप घेतातच. कारण झेप घेऊन गोल खाल्ला तर ‘प्रयत्न तरी केला’ म्हणतात, उभं राहून खाल्ला तर ‘हा हललाच नाही’ म्हणतात.

न दिसणारी सेव्ह

गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कॅप्टन होते. 1984 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली गोव्याने संतोष करंडक जिंकला, तोही अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 मध्ये पद्मश्री. त्या काळात रील्स नव्हत्या. त्यांचं नाव झालं ते भरवशावर, एखाद्या व्हायरल क्लिपवर नाही. डिफेंडरला वेळेवर ओरडून जागेवर आणणं, क्रॉस आधीच पकडणं, शॉट होऊच न देणं ही कामं सेव्हच्या यादीत येत नाहीत. स्कोअरबोर्डवर मात्र 0 दिसतो.

हे वऱ्हाडात बसून का वाचायचं?

आयएसएलमध्ये विदर्भाचा क्लब आजवर खेळलेला नाही. आपल्याकडे कीपर म्हटलं की अमरावतीचा जितेश शर्मा आठवतो, तो विकेटकीपर. पण दोघांचं दुखणं सारखंच. नव्याण्णव बॉल नीट पकडले तर कोणी बोलत नाही, शंभरावा सुटला की ‘काहून सोडला बे!’

गल्लीत फुटबॉल खेळताना तर ज्याला धावता येत नाही, जो लहान आहे किंवा जाड आहे त्याला गोलमध्ये उभं करतात. वरून त्याच्याकडून रीलसारख्या सुरांची अपेक्षा असते. काळ्या मातीचं मैदान मे महिन्यात दगडासारखं होतं. त्यावर सूर मारला की कोपर-गुडघे सोलून निघतात. मग पोरगं बिचकतं आणि ‘घाबरट’ ठरतं. पण दोन पावलं पुढे यायचं कधी, पाय रोवायचे कधी, बॉल ढकलायचा कुठे, हे शिकायला गवताचं मैदान लागत नाही. आणि वर पाहिलं तसं, अर्धी सेव्ह तर तिथेच होते.

थोडक्यात

पुढच्या वेळी कोणी ‘काय सेव्ह आहे!’ म्हणून क्लिप पाठवली, तर स्वतःला चार प्रश्न विचारा:

• शॉट किती जवळून होता आणि कीपरला तो दिसत होता का?
• शॉट बसला तेव्हा कीपर कुठे आणि कसा उभा होता? यासाठी क्लिप दोन सेकंद मागे न्या.
• अडवल्यावर बॉल कुठे गेला?
• त्या क्षणी मॅचमध्ये पणाला काय होतं?

आणि कट्टीमणीची भारी सेव्ह कोणती? आमचं मत निशू कुमारच्या दुसऱ्या प्रयत्नाला. एकदा अडवलेली पेनल्टी रद्द झाल्यावर, घरच्या मैदानावर, फायनलमध्ये, तोच खेळाडू पुन्हा समोर. आता लाइन सोडायची नाही आणि पुन्हा अंदाज बांधायचा. आधीच्या अन्यायाचा किंवा चुकीचा विचार डोक्यातून काढून परत त्याच जागी शांत उभं राहणं, हे त्या रात्रीचं सगळ्यात अवघड काम होतं.