प्रचरण विश्लेषण

तीन किंवा अधिक गटांच्या सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. वैद्यकीय महाविद्यालयांत ती ‘ॲनोव्हा’ म्हणूनच ओळखली जाते. रोनाल्ड फिशर यांनी ती इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतीप्रयोगांसाठी विकसित केली आणि 1925 सालच्या त्यांच्या ग्रंथामुळे ती सर्वदूर पोचली. कसोटीच्या गुणोत्तराला ‘एफ’ हे अक्षर फिशर यांच्या सन्मानार्थ जॉर्ज स्नेडेकर यांनी दिले.

तुलना सरासऱ्यांची असली तरी निवाडा विखुरणीवर, म्हणजेच प्रचरणावर, होतो. गटागटांमधील प्रचरणाला गटांतर्गत प्रचरणाने भागले की एफ मिळतो. समजा, तीन औषधगटांत प्रत्येकी तीन रुग्ण आहेत आणि त्यांचा वरचा रक्तदाब 118, 120, 122; 124, 126, 128; आणि 130, 132, 134 असा भरला. गटांमधील प्रचरण 108, गटांतर्गत 4, म्हणून एफ 27. पाच टक्के पातळीची मर्यादा येथे 5.14 असल्याने फरक सार्थ ठरतो. आता सरासऱ्या त्याच ठेवून प्रत्येक गटातले आकडे दहा-दहाच्या अंतराने पसरवा : 110, 120, 130 वगैरे. गटांतर्गत प्रचरण 100 होते आणि एफ 1.08 वर घसरतो. सरासऱ्या जागच्या जागी, निष्कर्ष मात्र उलटा.

दोन-दोन गटांच्या टी-कसोट्या लावत बसले तर चूक साचत जाते. पाच गटांच्या दहा जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या कसोटीत चुकीची शक्यता असते. एफ सार्थ आला तरी नेमके कोणते गट वेगळे, हे तो सांगत नाही. त्यासाठी टुकी कसोटीसारखी पुढची कसोटी लागते. प्रबंधांत ही पायरी बिनदिक्कत गाळलेली दिसते. वितरण फारच कलते असल्यास ॲनोव्हाऐवजी क्रुस्कल-वॉलिस कसोटी वापरतात.

एकाच रुग्णाची पुन्हापुन्हा घेतलेली मोजमापे स्वतंत्र मानणे ही पुढची कसोटी गाळण्याहून गंभीर चूक. व्यक्तीव्यक्तींमधले आणि त्याच व्यक्तीतले प्रचरण वेगळे काढावे लागते. सातारा जिल्ह्यातील बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आहाराच्या आकडेवारीत नेमके हेच केले. एकाच माणसाचे उष्मांकसेवन आठवड्यागणिक बरेच बदलते. म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पोषणतज्ज्ञांत आणि अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला.