जेवणाराचा शब्द

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं मागील सेवेचा गौरव करावा, असा प्रघात आहे. आम्ही मात्र वाचकांपुढें एक प्रश्न ठेवूं इच्छितों : ज्यांची सेवा करावयाची, त्यांचें मत आपण विचारतों काय?

हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे. यरुशलेमांत रोजच्या अन्नवाटपांत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या बांधवांनीं तक्रार केली. प्रेषितांनीं ती दडपली नाहीं. कारभारी निवडण्याचें काम मंडळीवरच सोंपविलें. निवडलेल्या सातांचीं नांवें ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार, त्यांच्याच हातीं बहुधा कोठार आलें.

आपल्या देशांत एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजीं सुरू झाली आणि पुढें अंगणवाडी खेडोपाडीं पोंचली. परंतु आहाराची खरेदी पुष्कळ ठिकाणीं ठेकेदारांकडे गेली. पाकिटांतलें अन्न मुलांस रुचत नाहीं, तें गुरांपुढें जातें, अशा तक्रारी महाराष्ट्रांतून आल्या. सर्वोच्च न्यायालयानें 7 ऑक्टोबर 2004 रोजीं ठेकेदारांस मनाई केली. धान्यखरेदी व स्वयंपाक शक्यतों ग्रामसमाज, बचत गट आणि महिला मंडळें यांच्याकडून करवावा, असें सांगितलें. तरीही निविदांच्या अटी अशा घातल्या गेल्या कीं लहान गट बाहेरच राहिले. 2019 सालीं त्याच न्यायालयानें महाराष्ट्राच्या त्या निविदा रद्द केल्या.

1 जुलै 1998 रोजीं धुळ्यापासून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा कुपोषणाचें दुःख फार जवळून जाणतो. येथें व राज्याच्या इतर आदिवासी भागांत 2015 सालापासून अमृत आहार योजना आली : गरोदर व स्तनदा मातांस एक वेळचें गरम जेवण, पैसा गांवच्या आहार समितीच्या खात्यांत, आणि समितींत लाभार्थी माताही. अक्राणी वा अक्कलकुव्याच्या दूरच्या पाड्यावरील स्त्रीला भाजी कोठून घ्यावी, अंडीं ताजीं आहेत कीं नाहींत, हें बोलण्याचा अधिकार मिळाला. मात्र पैसा उशिरां पोंचला, किंवा तिला हिशेब समजावून दिला नाहीं, तर तो अधिकार कागदावरच राहतो.

आपल्या धर्मग्रामांतही धान्य व कपडे वाटले जातात. घेणाराचा अंगठा आम्हीं नेहमीं घेतला. मत क्वचितच घेतलें. ही उणीव आम्ही नम्रपणें कबूल करतों. यापुढें खरेदीची यादी दुकानीं जाण्यापूर्वीं जेवणाराला वाचून दाखवूं या, आणि तो सांगेल तेथें खोडूं या. ज्युबिलीचें याहून चांगलें स्मारक आम्हांस सुचत नाहीं.