एक काझी, एक अंमलदार, एक मुल्ला

बी.ए.च्या इतिहासाच्या नोट्स मी अधूनमधून चाळते. औरंगजेबाचा काळ आला की काही नोट्स ‘इस्लाम असहिष्णू’ म्हणून मोकळ्या होतात. काहींत वाद नको म्हणून जुलमाचा उल्लेखच गाळलेला असतो. दोन्ही वाचून मला आपली सुरत आठवते.

१६६९ साली सुरतेच्या काझीने सक्तीची धर्मांतरं चालवली होती. देवळं शाबूत ठेवायची तर पैसे मोजा, असा त्याचा खाक्या. सप्टेंबरात जैन-वैष्णव वाण्यांचे सुमारे आठ हजार कर्ते पुरुष शहर सोडून भरुचेला निघून गेले. बायका-मुलं मागे, दीर-भावांच्या हवाली. त्या बायकांनी ते तीन महिने कसे काढले असतील? महाजनाच्या हुकमाशिवाय दुकान उघडायचं नाही, असं ठरलेलं. टांकसाळ बंद, जकात बंद, बाजारात धान्य मिळेना. काझी म्हणाला, त्यांना परत फिरवा. शहराचा अंमलदारही मुसलमानच. त्याने साफ नकार दिला. बादशहाकडून अभयाचं पत्र आलं, तेव्हा डिसेंबरात मंडळी परतली.

आता अहमदाबादची गोष्ट पाहा. शांतिदास झवेरींनी बांधलेल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराची १६४५ साली शाहजादा औरंगजेबाने मशीद केली. ते दुःख आपल्या समाजात अजून आहे, आणि ते लपवू नये. पण मुल्ला अब्दुल हकीम यांनी सांगितलं की, जागा दुसऱ्याच्या मालकीची, म्हणून शरीयतप्रमाणे ही मशीद होतच नाही. १६४८च्या फर्मानात शाहजहानने वास्तू शांतिदासांना परत द्यायला सांगितलं.

म्हणजे जुलूम करणाराने धर्माचं नाव घेतलं, आणि तो चूक म्हणणाराने धर्माचाच कायदा पुढे केला. यातला खरा इस्लाम कोणता, हे मी कोण ठरवणार? पण दोघेही पुस्तकात हवेत. जेम्स मिलने १८१७ साली आपल्या इतिहासाचे हिंदू, मुस्लिम आणि ब्रिटिश असे कप्पे केले. त्या कप्प्यांत हा मुल्ला मावत नाही, आणि आपण जैनही मावत नाही. अनेकांत म्हणजे जुलमावर पांघरूण घालणं नव्हे. एकाच बाजूला सगळं सत्य समजू नये, एवढंच.

तेव्हा बायांनो, लेक-सून अभ्यासाला बसली आणि ‘मुसलमानांनी केलं’ असं वाचू लागली, तर तिला एवढंच विचारा: कोणी, कुठे, कोणत्या साली? आणि तेव्हा नाही कोण म्हणालं?