पेम्बर्लीतील खून आणि तत्कालीन इंग्रजी न्यायव्यवस्था

जेन ऑस्टेन यांच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) या कादंबरीचा शेवट विवाहाने होतो. पी. डी. जेम्स यांनी 'डेथ कम्स टू पेम्बर्ली' (२०११) मध्ये ते कथानक १८०३ सालातील एका खुनापर्यंत नेले. डार्सीचा साडू विकहॅम आरोपी ठरतो. तत्कालीन ग्रामीण इंग्लंडमध्ये संघटित पोलीस दल नव्हते. स्थानिक जमीनदारच दंडाधिकारी या नात्याने तपास करीत. गंभीर गुन्ह्यातील आरोपीच्या वकिलास ज्यूरीपुढे बचावाचे भाषण करण्याचा अधिकार १८३६ मध्ये मिळाला. फौजदारी अपील न्यायालय १९०७ च्या कायद्याने आले. त्यामुळे खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब मिळूनही दोषी ठरलेल्या विकहॅमला राजाच्या माफीवरच विसंबावे लागते. प्रणयकथेत न आलेली ही उणीव खूनकथा उघड करते. हेच तिचे ऐतिहासिक मोल होय.