बाळूंचे बळी किती: ११४ की ७५?

हौशी गोलंदाज व्यावसायिक खेळाडूंसमोर उतरला की त्याची खरी परीक्षा होते, असं आपण सहज म्हणतो. पण संशोधनाला बसायचं असेल तर त्या वाक्यातला प्रत्येक शब्द तपासावा लागतो. हौशी म्हणजे कोण? व्यावसायिक म्हणजे कोण? परीक्षा कुठे झाली आणि तिचे गुण कोणी लिहून ठेवले? आज हे सगळं एकाच माणसाच्या उदाहरणावरून बघू. तो माणूस म्हणजे बाळू पालवणकर.

आधी थोडक्यात ओळख. बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. चर्मकार समाजातलं कुटुंब. बाळू वाढले पुण्यात. डावखुरी फिरकी गोलंदाजी. १९११ च्या उन्हाळ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली एक 'अखिल भारतीय' संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. तेव्हा त्यांचं वय ३५. संघाची कामगिरी बेताचीच झाली: २३ सामन्यांत ६ विजय, १५ पराभव, २ अनिर्णित. त्या दौऱ्यात बाळूंनी मात्र १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले.

हा ११४ चा आकडा तुम्हाला सगळीकडे सापडेल. दुसरीकडे कुठेतरी ७५ हाही सापडेल, सरासरी २०.१२. मग चूक कोणाची? कोणाचीच नाही. त्या २३ सामन्यांपैकी प्रथम श्रेणीचे सामने १४ च होते. ७५ हे त्या १४ मधले बळी, ११४ हे सगळ्या सामन्यांतले.

वजाबाकी करून बघा

विज्ञानातून आलेल्या माणसाला भाजक दिसला नाही की चैन पडत नाही. ११४ बळी गुणिले १८.८४ म्हणजे साधारण २,१४८ धावा. ७५ गुणिले २०.१२ म्हणजे साधारण १,५०९. उरल्या ६३९ धावा आणि ३९ बळी. सरासरी १६ च्या थोडी वर. म्हणजे कौंटी आणि विद्यापीठांच्या तगड्या संघांसमोर एका बळीला २० धावा, बाकीच्यांसमोर १६. प्रतिस्पर्धी कठीण झाला तरी फरक फक्त चारेक धावांचा. ही माहिती ११४ मध्येही नव्हती आणि ७५ मध्येही नव्हती. दोन आकडे शेजारी ठेवल्यावर ती दिसली.

आता तिसरा आकडा घ्या. संपूर्ण कारकिर्दीत बाळूंचे प्रथम श्रेणीतले बळी १७९, सरासरी १५.२१. त्यातून इंग्लंडचे ७५ वजा केले की १०४ उरतात आणि त्यांची सरासरी येते ११.७ च्या आसपास. घरी ११.७, इंग्लंडमध्ये २०.१. लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो: "बघा, व्यावसायिकांसमोर जवळपास दुप्पट मार बसला."

थांबा. भारतातले त्या काळचे मोठे सामने बरेचदा पावसाळ्याच्या शेवटी होत. ओलसर खेळपट्टी म्हणजे फिरकीवाल्याची चंगळ. उलट इंग्लंडमधला १९११ चा उन्हाळा कडक, कोरडा म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे फलंदाज बदलले, तशी जमीनही बदलली आणि हवाही. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या असतील तर फरकाचं श्रेय एकीलाच देता येत नाही. प्रयोगशाळेत आपण हे लगेच ओळखतो, इतिहासात मात्र पटकन विसरतो.

१७० मोठे की ११४?

बाळूंच्या आधी १८८८ मध्ये पारशी संघ इंग्लंडला गेला होता. त्या दौऱ्यात मेहेल्लाशा पावरी यांनी १७० बळी घेतले, सरासरी ११.६६. नुसते आकडे मांडले तर पावरी बाळूंच्या कितीतरी पुढे दिसतात. पण १८८८ च्या पारशी संघाचे सामने मुख्यतः हौशी क्लबांशी होते. १९११ च्या संघासमोर कौंट्या होत्या आणि कौंटीत पगारी व्यावसायिक खेळत. दोन्ही दौरे 'इंग्लंडचेच', परीक्षा मात्र वेगळ्या. यात पावरींना कमी लेखायचं कारण नाही. १८९० मध्ये मुंबईत व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी हरवलं, त्यात पावरींचा मोठा हात होता. पण तो इंग्लिश संघही हौशी खेळाडूंचाच होता.

हौशी कोण?

इंग्लंडमध्ये ही विभागणी थेट वर्गाची होती. पैसे न घेता खेळणारे 'जंटलमेन', पैसे घेणारे 'प्लेयर्स'. १८०६ मध्ये त्यांच्यातला सामना सुरू झाला आणि १९६२ पर्यंत ही विभागणी टिकली. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, व्यावसायिकाची नंतर. घाम गाळायचं काम, म्हणजे गोलंदाजी, मुख्यतः व्यावसायिकांकडे. फलंदाजी हा साहेबी प्रकार.

आता बाळूंना या चौकटीत बसवून बघा. १८९२ च्या सुमारास ते पुण्यात गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये कामाला लागले. पगार महिना चार रुपये. रोलर फिरवायचा, खेळपट्टी राखायची, नेट लावायचं आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. फलंदाजी करायला मिळायची नाही. इंग्लंडमध्ये असं काम करणाऱ्याला सरळ व्यावसायिक म्हटलं असतं. इथे तो मैदानावरचा नोकर होता. पुढे मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळताना हाच माणूस जिमखान्यांच्या हौशी क्रिकेटचा भाग झाला. माणूस तोच, चेंडू तोच. नाव देणारा बदलला.

म्हणून दप्तरातली वर्गवारी जशीच्या तशी उचलू नका. ती कोणी केली आणि कोणाच्या सोयीसाठी केली, हे आधी विचारा.

खरी परीक्षा कधी सुरू झाली?

पूना क्लबच्या नेटमध्ये बाळू ज्यांना तासन् तास गोलंदाजी करत, त्यांत कॅप्टन ग्रेग होते. हे ग्रेग पुढे हॅम्पशायर कौंटीकडून खेळले. बाद केलंस की आठ आणे, असा त्यांचा बाळूंशी करार होता, अशी गोष्ट सांगतात. ती गोष्ट म्हणूनच घ्या. पण कौंटी दर्जाच्या फलंदाजाला रोज चेंडू टाकणाऱ्या माणसाची परीक्षा १९११ मध्ये पहिल्यांदा झाली, असं कसं म्हणायचं? ती पुण्यात जवळपास वीस वर्षं आधी सुरू झाली होती. फरक एवढाच की नेटमधला चेंडू धावफलकात येत नाही. हजारो चेंडू, एकाचीही नोंद नाही.

नोंद होण्याआधी आणखी एक दार होतं. पुण्याच्या हिंदू संघाला साहेबांना हरवायला बाळू हवे होते, पण त्यांना संघात घ्यावं का यावर वाद झाला. घेतलं, तरी चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातात, मैदानाबाहेर कप वेगळा. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू होते आणि त्यांचे भाऊ शिवरामही. तरी संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच मिळालं नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

आता एक अवघड प्रश्न. पुण्यातल्या क्लबांत बाळूंसारखे चेंडू टाकणारे आणखी किती पोरगे असतील? त्यांना कोणी संघात घेतलं नाही, म्हणून त्यांची सरासरी नाही. आपल्याकडचे आकडे दारातून आत आलेल्यांचेच आहेत. त्यावरून 'गुणवत्ता असली की माणूस वर येतोच' असं लिहिणं म्हणजे नमुना निवडतानाच उत्तर ठरवून टाकणं.

तुमच्यासाठी काही कामाच्या गोष्टी

१. जुन्या वर्तमानपत्रांत 'पालवणकर' शोधाल तर फारसं हाती लागणार नाही. धावफलकात ते 'पी. बाळू', भाऊ 'पी. शिवराम', 'पी. विठ्ठल' असे येतात. शोधशब्द आजचा नको, त्या काळचा हवा.

२. कोणताही एकूण आकडा दिसला की विचारा, यात काय धरलंय? ज्यांच्याशी बाळूंची तुलना होई त्या विल्फ्रेड ऱ्होड्सचे बळी काही ठिकाणी ४,१८७ आहेत, काही ठिकाणी ४,२०४. कोणते सामने प्रथम श्रेणीचे मानायचे, यावर ते ठरतं.

३. नाशिककरांनी हा प्रश्न आपल्या गावात विचारून बघावा. अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे आपल्या गोल्फ क्लबवर, रणजीचे सामने झाले आहेत. त्यांचे धावफलक मिळतील. पण मोठ्या खेळाडूंना नेटमध्ये गोलंदाजी करणारी, सकाळी सायकलवर किट बांधून येणारी पोरं कुठल्या कागदावर आहेत? माळ्यांची हजेरी, क्लबच्या पगाराच्या वह्या, जुन्या प्रशिक्षकांच्या आठवणी. ही माणसं जिवंत आहेत तोवर मुलाखती घ्या. बाळूंच्या नेटमधल्या चेंडूंची नोंद आता कोणीच करू शकत नाही, यांची अजून होऊ शकते.

आणि प्रबंधात बाळूंचा आकडा लिहायची वेळ आली, तर ११४ आणि ७५ दोन्ही लिहा, प्रत्येकाशेजारी किती आणि कोणत्या सामन्यांतले तेही लिहा. एक ओळ जास्त लागेल. परीक्षक विचारणार तो पहिला प्रश्न त्या ओळीने आधीच सुटलेला असेल.