वन्यजीव तस्करीविरोधी डिजिटल साधने (नांदेड–लातूर)

वन्यजीवांची बेकायदा खरेदी-विक्री शोधून सिद्ध करणारी साधने. नांदेडमधील, तेलंगणाला लागून असलेल्या किनवट-माहूरच्या जंगलात गस्तीला पर्याय नाही. लातुरात मात्र वनक्षेत्र अत्यल्प आहे; गुप्तधनाच्या अंधश्रद्धेपायी विकला जाणारा मांडूळ साप शेतात सापडतो आणि सौदा मोबाइलवरच्या चित्रफितीतून ठरतो. म्हणून येथे पाळत जंगलाइतकीच व्यवहारावर हवी. वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक शेतकऱ्याची खबर पोहोचवतो, तर २००७ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभाग राज्याराज्यांतील गुन्ह्यांची माहिती एकत्र ठेवतो.

तस्कर मोबाइलवरच्या बंद गटांत शिरतात, मग या साधनांचा उपयोग काय, हा आक्षेप रास्त आहे. पण ग्राहक गाठायला विक्रेत्याला कुठेतरी उघड व्हावेच लागते. खरी अडचण पुढची आहे. जप्त मोबाइलमधील संभाषण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रासह सादर झाले नाही, तर ते पुरावा म्हणून टिकणे अवघड. त्यामुळे नव्या अ‍ॅपपेक्षा पुरावा जपण्याचे प्रशिक्षण वनरक्षकाला आधी मिळाले पाहिजे.